घोडा आपला, लॅपटॉपही आपलाच

‘फ्रीलान्सर’मधला लान्स म्हणजे भाला. वॉल्टर स्कॉटने 1819 च्या अखेरीस आलेल्या ‘आयव्हॅनहो’ कादंबरीत हा शब्द गाजवला. पैसे देईल त्याच्या बाजूने भाला उचलायचा, एरवी कुणाचं मिंधं नाही. पण आपल्याकडे याहून नेमका शब्द होता. मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन येई. घरून काम करणारी टेक्निकल रायटर म्हणजे अस्सल शिलेदार. लॅपटॉप आपला, इन्व्हर्टर आपला, खुर्चीने धरलेली कंबरही आपलीच.

‘लेखिका आहे’ म्हटलं की शेजारच्या काकू विचारतात, ‘दिवाळी अंकात येतं का गं काही?’ नाही हो काकू. वापराच्या पुस्तिकेतलं ‘पासवर्ड विसरलात?’ हे प्रकरण माझं.

आमचं घराणं मात्र मोठं आहे. कवी म्हणून नावाजलेल्या जेफ्री चॉसरने 1391 च्या सुमारास अ‍ॅस्ट्रोलेब हे ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र कसं वापरावं, याची पुस्तिका लिहिली. कुणासाठी? लुईस नावाच्या दहा वर्षांच्या मुलासाठी. पोराचं लॅटिन कच्चं, म्हणून सोप्या इंग्रजीत. आधी वाचक ठरवा, मग लिहा, हा आमचा पहिला धडा. आमच्या क्लायंटांना विचारावं ‘वाचक कोण?’, तर उत्तर ठरलेलं: ‘सगळेच!’

एडा लव्हलेस तर आमची कुलस्वामिनी. चार्ल्स बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रावरच्या एका फ्रेंच लेखाचं तिने भाषांतर केलं आणि 1843 मध्ये ते छापून आलं, तेव्हा तिच्या टिपा मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट झाल्या होत्या. शब्दावर दर असता तर बाई मालामाल!

युनिक्स या संगणकप्रणालीची पहिली पुस्तिका निघाली 3 नोव्हेंबर 1971 ला. तिच्यात ‘बग्ज’ असा रकानाच होता, म्हणजे आपल्या मालातले दोष आपणच छापायचे. आज मी असा मथळा टाकला, तर मार्केटिंगवाले पुढचं बिल अडवतील.

आणि मराठीतलं सर्वांत यशस्वी टेक्निकल रायटिंग? माझं मत कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ला (1970). ‘अंदाजाने मीठ घाल’ असं सांगणाऱ्या स्वयंपाकघरात त्यांनी वाटी-चमच्याचं माप आणलं. आधी साहित्य, मग कृती, जिथल्या तिथे प्रमाण. कित्येक कंपन्यांच्या पुस्तिकांना हे अजून जमलेलं नाही.

स्वल्पविरामाला हसू नका. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यातल्या यादीत एक स्वल्पविराम नव्हता. त्यावरून दूधगाड्यांचे ड्रायव्हर कोर्टात गेले आणि 2018 मध्ये ओकहर्स्ट डेअरीने 50 लाख डॉलरवर तडजोड केली.

पण खरी गंमत विमानवाल्यांची. देखभालीच्या पुस्तिकांसाठी त्यांचं नियमबद्ध इंग्रजी आहे. कोशात मंजूर शब्द सुमारे 900, सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचं आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. तिथे ‘ऑइल’ हे नाम. ‘ऑइल करा’ म्हणायची सोय नाही. हा नियम मराठीला लावून बघा. (लावलाच की!) दिवा लावला की सुरू होतो, दार लावलं की बंद होतं. कुकर लावतात, मलम लावतात, रोप लावतात, गाडी सावलीत लावतात, लग्न लावतात, शिवाय वेड लावतात ते वेगळंच. एकट्या ‘लावणे’पायी विमान धावपट्टीवरच राहील.

घरून काम ही करोनाची देणगी, असं समजणाऱ्यांसाठी: जॅक निलीस यांनी ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द 1973 मध्येच काढला होता. घड्याळाचं दुखणं मात्र आमच्या वाट्याला आलं. न्यूयॉर्कची सकाळी दहाची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसातला, तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठला. म्हणजे ऐन पानं वाढायच्या वेळी. माइक चुकून सुरूच, मी रिलीजची तारीख सांगतेय आणि आतून सासूबाईंचा आवाज: ‘अगं, लाव की आता!’

कुकर, दार की कॅमेरा, हे ज्याचं त्याने संदर्भाने ओळखायचं.