औंढ्याची वेधशाळा आणि प्रकाशाचा गोंगाट

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. उन्हाळ्यात जेथे पाण्यासाठी टँकर धावतात त्या मराठवाड्यात एवढा पैसा कशासाठी, हा प्रश्न गैर नव्हे. परंतु तो विचारणाऱ्याने या यंत्रात काय घडावयाचे आहे हे आधी समजून घेतले पाहिजे.

अशा यंत्राला शांत जमीन लागते. पुलगावसारख्या मुंबई-हावडा लोहमार्गावरील गावी मालगाडी गेली की जमीन थरथरते. चार-चार किलोमीटरांच्या दोन काटकोनी नळ्यांत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म फरक मोजणाऱ्या यंत्राला ते परवडणारे नाही. मात्र जमीन शांत असली तरी प्रकाशाचा स्वतःचा गोंगाट उरतोच. पूर्ण अंधारातही विद्युतक्षेत्र सर्वस्वी स्थिर नसते, आणि यंत्राच्या अंधाऱ्या दारातून शिरणारी हीच अस्थिरता मापन बिघडविते, असे कार्लटन केव्ह्ज यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. उपायही त्यांनीच सुचविला: संपीडित प्रकाश.

हायझेनबर्गच्या नियमानुसार प्रकाशलहरीच्या दोन घटकांतील अनिश्चिततांचा गुणाकार ठराविक मर्यादेखाली जात नाही. पण एकीतील घटवून दुसरीतील वाढविण्यास निसर्गाची हरकत नाही. तूट पुसता येत नाही, तिचे खाते तेवढे बदलता येते. अर्थमंत्र्यांना हे नवीन नव्हे.

हा बदल अरेषीय स्फटिक घडवितो. साध्या काचेचा प्रतिसाद प्रकाशक्षेत्राच्या प्रमाणात असतो. या स्फटिकाचा तसा राहत नाही. त्यामुळे त्यात शिरलेल्या हिरव्या किरणाचा एखादा कण फुटून निम्म्या कंपनसंख्येचे दोन अवरक्त कण जन्मतात, आणि हे जुळे एकमेकांशी तालबद्ध असतात. नागपंचमीच्या झोक्यावर उभी राहिलेली मुलगी एका पूर्ण हेलकाव्यात दोनदा उठते-बसते. वेळ साधली तर झोका चढतो. नेमकी उलट साधली तर विरतो. हिरव्या किरणाची कंपनसंख्याही अवरक्ताच्या दुप्पट असल्याने स्फटिकात हेच होते: चढउतारांचा तालात बसणारा भाग वाढतो आणि त्याच्याशी पाव आवर्तनाने पुढेमागे असणारा दबतो.

१९८५ मध्ये बेल प्रयोगशाळेत सोडियमच्या अणूंमधून असा प्रकाश प्रथम मिळाला. स्फटिकातून तो पुढच्याच वर्षी. अमेरिकेतील लायगोमध्ये तो २०१९ पासून नियमित वापरला जाऊ लागला, तेव्हा घटना टिपण्याचा अपेक्षित वेग ४० ते ५० टक्क्यांनी वाढला. मात्र वाढलेल्या खात्याची वसुली चुकली नाही; तो भार आरशांना ढकलू लागला. म्हणून २०२३ पासून तेथे ३०० मीटर लांबीची आणखी एक पोकळी जोडून, कोणत्या कंपनसंख्येला कोणते खाते दाबावयाचे हे ठरविले जाते. वाटेत थोडा जरी प्रकाश गळाला, आरशावर धूळ बसली, तरी सारी कमाई घटते.

म्हणजे हे काम अखेर हातांच्या सफाईवर येते. औंढ्यात ते हात कोणाचे असतील? पुण्याच्या आयुकात विद्वान आहेत, परंतु स्फटिक व आरसे रोज सांभाळणारा तंत्रज्ञ हिंगोली-परभणीच्या महाविद्यालयांतूनही घडू शकतो. त्यासाठी तेथील प्रयोगशाळांत लेसर हवा, आणि तो कुलूपबंद कपाटात नको. २,६०० कोटींच्या मानाने ही रक्कम क्षुल्लक आहे.