पत्र्यावरचं जस्त

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात किल्लारीतली दगडमातीची घरं कोसळली आणि उरलेलं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलं. पुढे पक्की घरं मिळाली, तरी कुणाची न्हाणी, कुणाचा गोठा अजून पत्र्याचाच आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. धातू आणि आम्लांचा पाठ आला, की मुलांना पत्र्याचा तुकडाच आणायला सांगतो.

परीक्षानळीतल्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लात तुकडा सोडला, की बुडबुड्यांचा नुसता फेस उसळतो. नळीच्या तोंडाशी पेटती काडी नेली की फट्कन आवाज होतो. तो हायड्रोजन. पत्र्यावरच्या जस्तानं त्याला आम्लातून हुसकून लावलेलं असतं. जस्त स्वतः झिंक क्लोराइड होऊन पाण्यात विरघळतं. मुलं इथेच पांगू लागतात. मी त्यांना थांबवतो, कारण पाहण्यासारखं पुढेच आहे. थोड्या वेळानं फेस एकाएकी ओसरतो. चिमट्यानं तुकडा बाहेर काढला तर चकाकी गेलेली, आतलं काळपट लोखंड उघडं पडलेलं. लोखंडावरही बुडबुडे येतात, पण रेंगाळत, तुरळक. शेजारच्या नळीत वायरीतली तांब्याची तार असते. तिच्यावर एकही बुडबुडा नाही. जस्त, लोखंड, तांबं हा क्रम मग कुणाला घोकावा लागत नाही.

जस्ताचा हा उतावीळपणाच आपलं छप्पर राखतो. पत्र्यावर ओरखडा पडला तरी झीज आधी जस्ताची होते. ते संपलं की तिथे गंज धरतो. संडास धुण्याचं ॲसिडही बहुतेक हायड्रोक्लोरिकच असतं, म्हणून ते पत्र्याच्या दारावर उडू देऊ नका, असं मी पालकांना आवर्जून सांगतो.

तांब्यावर बुडबुडा आला नाही, म्हणून ते निर्धोक समजू नये. आमच्याकडे हरभरा बहरात असताना बायका पहाटे पिकावर स्वच्छ फडकं फिरवतात आणि पिळून आंब, म्हणजे पिकावरचं आंबट दव, धरतात. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. ती तांब्या-पितळेच्या भांड्यात राहिली, तर हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीनं तांबं हळूहळू तिच्यात उतरतं. ताक कळकतं ते असंच. पूर्वी भांड्याला कल्हई असायची. आंबटात कथील फार सावकाश झिजतं, त्यामुळे तांबं झाकलेलं राहायचं. आता कल्हईवाला क्वचितच फिरकतो. तेव्हा आंब काचेच्या बाटलीत भरावी, आणि बाटलीचं झाकणही पत्र्याचं नसावं.