नेमबाजी शिकताना (भाग ६) : मूठ आधी, पिस्तूल नंतर

गेल्या दोन भागांत उभं राहण्याची पद्धत आणि श्वास यांविषयी लिहिलं. आता हातात धरायच्या वस्तूकडे येऊ. मूल दहा मीटर एअर पिस्तूल शिकायला रेंजवर जाऊ लागलं की काही महिन्यांत घरात प्रश्न निघतोच : स्वतःचं पिस्तूल घ्यायचं, तर कोणतं? मोरिनी, स्टायर, पार्दिनी, वाल्थर ही नावं मुलांना तोवर पाठ झालेली असतात. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली, जर्मनी इथली ही पिस्तुलं जगभरच्या अंतिम फेऱ्यांत दिसतात. त्यांतलं कुठलंही शिकंज्यात घट्ट आवळून चालवलं तर छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. म्हणजे अचूकतेच्या बाबतीत नवशिक्याला त्यांच्यात डावं-उजवं करण्यासारखं फारसं काही नाही. निवडायची असते ती मूठ. तिचं माप चुकलं तर सगळ्यात महागडं पिस्तूलही मुलाला चुकीच्या सवयी लावतं, आणि त्या मोडायला पुढे वर्षं जातात. म्हणून हा सगळा भाग मी मुठीवर खर्च करणार आहे.

आधी थोडं गणित. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर असतं. पिस्तुलाच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असतं असं धरा. आता समजा तुमचा हात थोडा हलला, पण दोन्ही साइट एकमेकींशी सरळ रेषेत राहिल्या आणि सगळं पिस्तूलच ५ मिलिमीटर उजवीकडे सरकलं. छर्राही ५ मिलिमीटरच उजवीकडे लागेल, म्हणजे दहा गुण शाबूत. पण हात जागच्या जागी राहिला आणि मनगट जरासं वळून पुढची साइट मागच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला गेली, तर लक्ष्यावर छर्रा जवळजवळ ३० मिलिमीटर सरकतो. दहाचे थेट सात होतात. हाताचं थरथरणं सगळ्यांना दिसतं म्हणून सगळे त्यालाच घाबरतात. गुण मात्र मनगटाच्या त्या न दिसणाऱ्या वळणात जातात. साइट सरळ ठेवण्याचं काम स्नायूंनी धडपडून करायचं की मुठीने आपोआप करून द्यायचं, हाच निवडीचा खरा मुद्दा आहे.

त्याची चाचणी सोपी आहे आणि ती दुकानातही करता येते. रिकामं पिस्तूल नीट हातात बसवा, हात नेहमीच्या उंचीवर न्या आणि डोळे मिटा. खांदा आणि मनगट सैल होऊ द्या, एकदोन श्वास जाऊ द्या. मग डोळे उघडून पाहा : पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध आहे का, दोघींच्या कडा वरून एका पातळीत आहेत का? हे पाच-सहा वेळा करा. पुढची साइट दर वेळी वर चढलेली किंवा खाली बुडालेली दिसली तर मुठीचा तिरपेपणा तुमच्या मनगटाला जुळत नाही. ती दर वेळी एकाच बाजूला दिसली तर मूठ तुमच्या तळहातात फिरलेली बसते आहे. बहुतेक चांगल्या पिस्तुलांत मूठ एका स्क्रूवर काही अंशांत वरखाली आणि आजूबाजूला हलवता येते. तेवढ्यात काम भागलं तर उत्तम. भागत नसेल तर मापच वेगळं हवं. इथे मुलांचा हात हटकून ‘शहाणा’ होतो. दोनतीन वेळा वाकडं दिसलं की चौथ्या वेळी मनगट नकळत स्वतःच दुरुस्ती करतं आणि सगळं छान दिसायला लागतं. म्हणून पहिल्या दोन वेळांवर जास्त विश्वास ठेवा.

मुठी साधारण अतिलहान, लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येतात, डाव्या आणि उजव्या हाताच्या वेगळ्या. बऱ्याचशा अक्रोडाच्या लाकडाच्या असतात आणि घाम आला तरी हात निसटू नये म्हणून त्यांचा पृष्ठभाग खरखरीत केलेला असतो. हात नीट बसला आहे हे कसं ओळखायचं? अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या वळणात जितकी वर जाईल तितकी वर, फट न राहता, टेकली पाहिजे. हात नळीच्या जितका जवळ तितकं पिस्तूल कमी उसळतं. धरण्याचं खरं काम मधलं बोट आणि अनामिका करतात, तेही सरळ मागे दाबून. करंगळीने फक्त सोबत करायची. अंगठ्याने जोर लावायचा नाही. तळहाताच्या खालच्या कडेला एक सरकती फळी असते, ती हाताला खालून अलगद लागली पाहिजे. नवे खेळाडू ती इतकी वर आवळतात की हात चिमटीत सापडतो, बोटं बधिर होतात आणि तासाभराने थरथर वाढते. फळी आणि हात यांच्यात किंचित हालचालीची जागा ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणपट्टीत, हात सुजल्यासारखे होतात. डिसेंबरच्या सकाळी घट्ट बसवलेली मूठ तेव्हा छळते.

सगळ्यात महत्त्वाचं बोट मात्र धरण्याच्या कामात नसतंच. तर्जनी मोकळी राहिली पाहिजे. तिच्या पहिल्या पेराचा मांसल मध्य ट्रिगरवर यावा आणि बाकीच्या बोटाचा मुठीच्या लाकडाला स्पर्श होऊ नये. बोट आणि लाकूड यांच्यातून उजेड दिसला पाहिजे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात मध्यम मापाची मूठ दिली की काय होतं ते कुठल्याही रेंजवर पाहता येतं. बोट ट्रिगरपर्यंत पोचत नाही, म्हणून ती सगळा हातच मुठीभोवती पुढे फिरवते. बेचकी जागेवरून हलते आणि बोटाचं फक्त टोक ट्रिगरला लागतं. मग दाब सरळ मागे न जाता बाजूला जातो आणि वर सांगितलेला तो १ मिलिमीटर तिथेच तयार होतो. प्रशिक्षक ओरडतो, “ट्रिगर झटकू नकोस.” मुलगी झटकत नसते, तिला माप मिळालेलं नसतं. ट्रिगरची पाती थोडी मागेपुढे सरकवता येते, पण ती सोय शेवटच्या दोनचार मिलिमीटरसाठी आहे. दोन मापांचं अंतर ती भरून काढू शकत नाही.

“मूल वाढतंय, मोठ्या मापाचीच मूठ घेऊ,” हा विचार शाळेच्या गणवेशापुरता ठीक आहे. पिस्तूल एक घ्या आणि मूठ दोनदा बदला. मूठ वेगळी विकत मिळते आणि पिस्तुलाच्या मानाने तिचा खर्च बराच कमी असतो. मोठ्या झालेल्या मुलाची जुनी लहान मूठ रेंजवरच्या दुसऱ्या कुणाला तरी हवीच असते.

तयार मूठ हाताशी तंतोतंत जुळेलच असं नाही. जिथे टोचते तिथे कानसीने अगदी थोडं लाकूड काढायचं, जिथे पोकळी राहते तिथे लाकडाचं भरण लावून ते वाळल्यावर घासायचं, हे काम जगातले उत्तम नेमबाज वर्षानुवर्षं करत आले आहेत. एका वेळी एकच बदल करा, मग काही दिवस खेळा. काढलेलं लाकूड परत येत नाही, म्हणून आधी भरून पाहावं आणि नंतर घासावं. स्पर्धेचे नियमही लक्षात हवेत : मुठीचा कोणताही भाग मनगटाला आधार देता कामा नये आणि तळहाताच्या फळीचा मुठीशी कोन ९० अंशांपेक्षा कमी नको. घरी केलेली हौशी दुरुस्ती स्पर्धेच्या आदल्या दिवशी साहित्य-तपासणीत अडकली तर मुलाचं मन तिथेच खचतं.

आता वजन. एअर पिस्तूल साधारण एक किलोच्या आसपास भरतं. नियमाने ते १५०० ग्रॅमपर्यंत चालतं, आणि ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागलाच पाहिजे. जड पिस्तूल स्थिर राहतं हे खरं, पण ते पेलणारा खांदा असेल तरच. स्पर्धेत ६० गोळ्यांना ७५ मिनिटं मिळतात, त्याआधी सरावाची १५ मिनिटं. प्रत्येक गोळीला एकदाच हात उचलला जातो असंही नाही. नेम जमला नाही की हात खाली घेऊन पुन्हा उचलायचा, ही शिस्त आपण शिकवतोच. त्यामुळे लहान खांद्यांसाठी आखूड नळीची हलकी मॉडेलं काही कंपन्या काढतात, त्यांचा विचार जरूर करा. एकूण वजनापेक्षाही ते कुठे आहे याला महत्त्व आहे. नळीखाली बसणारी छोटी वजनं पुढे सरकवली की पिस्तूल शांत होतं आणि खांदा लवकर थकतो. पहिलं वर्षभर ती वजनं डब्यात राहू द्यावीत.

कोणता हात, हेही गृहीत धरू नका. उजव्या हाताच्या मुलाचा प्रबळ डोळा डावा असू शकतो. पिस्तूल हातभर लांब असल्यामुळे रायफलइतका हा प्रश्न बिकट होत नाही. मान किंचित वळवून किंवा नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर छोटी झापड लावून भागतं. पण मूल अगदी नवं असेल तर दोन्ही हात आजमावून मगच उजव्या किंवा डाव्या मुठीचा निर्णय घ्यावा. हात बदलता येतो याचा सर्वांत मोठा दाखला हंगेरीच्या कारोय ताकाचचा आहे. १९३८ मध्ये लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात जायबंदी झाला. त्याने डाव्या हाताने नेमबाजी शिकून १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं.

गरज बदलली की पिस्तूलही बदलतं. दहा मीटरला सगळी कसरत स्थिर राहण्याची. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्याची मागणी निराळी आहे. तिथे .२२ बोअरचं पिस्तूल असतं. पहिल्या ३० गोळ्या सावकाश नेमाच्या. पुढच्या ३० गोळ्यांना लक्ष्य ३ सेकंद खुलं राहतं आणि ७ सेकंद बंद. हात ४५ अंशांवर खाली धरून थांबायचं आणि लक्ष्य खुलं झालं की उचलून एक गोळी मारायची. तीन सेकंदांत साइट जुळवत बसायला वेळच नसतो. हात वर आला की त्या जुळलेल्याच असाव्या लागतात, म्हणजे डोळे मिटून केलेली ती चाचणी इथे दर गोळीला होते. शिवाय थोडी का होईना उसळी येते आणि ट्रिगरचा किमान दाबही दुप्पट, १००० ग्रॅम. म्हणून दहा मीटरला सोयीची वाटणारी थोडी सैल मूठ इथे चालत नाही. माझा आग्रह असा की दहा मीटरवर दोनतीन वर्षं पक्की झाल्याशिवाय २५ मीटरच्या पिस्तुलाचा खर्च करू नये. तोपर्यंत रेंजचं किंवा संघटनेचं पिस्तूल वापरावं.

कायद्याचा भागही इथूनच वेगळा होतो. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर पिस्तुलं या मर्यादेच्या निम्म्याच्याही आत असतात. ओळखपत्र आणि पत्त्याचे पुरावे मात्र विक्रेत्याकडे द्यावे लागतात, आणि पावती जपून ठेवावी. .२२ बोअरच्या पिस्तुलाला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतोच. त्याची प्रक्रिया या लेखमालेत पुढे स्वतंत्रपणे येईल.

जुनं पिस्तूल घेण्यात काही कमीपणा नाही. चांगल्या बनावटीचं एअर पिस्तूल नीट वापरलं तर दोन पिढ्यांचे खेळाडू घडवतं. पाहायचं ते हवेच्या सिलिंडरवर कोरलेलं साल. सिलिंडरचं आयुष्य १० वर्षांचं धरतात आणि मोठ्या स्पर्धांत ती तारीख तपासली जाते. मुदत संपत आलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यात धरा. मुठीला तडा नाही ना, दाब मोजणारा काटा रात्रभरात खाली उतरत नाही ना, हेही पाहा. आणि दुरुस्ती करणारा माणूस किती लांब आहे हे आधी विचारा. टोकिओ ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर मध्येच तुटला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली. उरलेल्या वेळात घाईने डाव पुरा करून तिने ५७५ गुण मिळवले, १२वी आली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्यासोबत प्रशिक्षक आणि सुट्या भागांची सोय होती. सांगली किंवा अकोल्यातल्या मुलाचं पिस्तूल राज्य स्पर्धेच्या आठवडाभर आधी बंद पडलं तर ते पुण्या-मुंबईला नेऊन आणण्यातच सरावाचे दिवस जातात. म्हणून आपल्या रेंजवर ज्या बनावटीची पिस्तुलं जास्त आहेत, ज्यांच्या रबरी रिंगा आणि स्प्रिंगा कुणाच्या तरी पेटीत सापडतात, तीच बनावट घेण्यात शहाणपण आहे. अट एकच : तिची मूठ तुमच्या मापात मिळाली पाहिजे.

खरेदीआधी किमान तीन वेगवेगळ्या मुठी, प्रत्येकी एका पूर्ण सरावासाठी, मागून वापरा. रेंजवरचे ज्येष्ठ खेळाडू याला सहसा नाही म्हणत नाहीत. प्रत्येक सरावानंतर वहीत दोनच गोष्टी लिहा : डोळे उघडल्यावर पुढची साइट कुठे होती आणि शेवटच्या दहा गोळ्यांना हात कुठे दुखत होता. पुढच्या आठवड्यात ट्रिगरचा पहिला आणि दुसरा टप्पा कसा लावायचा ते पाहू. तेव्हा ही वही हाताशी लागेल.