मित्राला न विचारता ठरलेला तह

ऑक्टोबर १९७२ मध्ये अमेरिकेचे हेन्री किसिंजर आणि उत्तर व्हिएतनामचे ले डक थो यांनी पॅरिसमध्ये व्हिएतनाम युद्ध थांबवण्याच्या तहाचा मसुदा जवळपास पक्का केला. ज्यांच्या भूमीचा प्रश्न होता, त्या दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थ्यू यांच्यापुढे तो नंतर ठेवला गेला. उत्तरेचे सैन्य दक्षिणेतच राहणार, हे वाचून ते संतापले. आणि तो संताप रास्तच होता. त्यांनी नकार दिला. डिसेंबरमध्ये बोलणी फिसकटली, उत्तरेची राजधानी हनोईवर अमेरिकेचे बॉम्ब पडले. मग अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी मदत तोडण्याची धमकी देऊन थ्यूंना नमवले. २७ जानेवारी १९७३ रोजी सह्या झाल्या. सैन्याचे कलम मात्र तसेच राहिले. एप्रिल १९७५ मध्ये राजीनामा देताना थ्यूंनी अमेरिकेवर विश्वासघाताचा उघड आरोप केला.