साबण आणि जंतुनाशक : एकाच बादलीत नको!

जुलैत कोलाडच्या परिसरात भातलावणीला वेग येतो. दिवस दिवस पाय चिखलात राहतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, दगडा-काट्याने खरचटते. संध्याकाळी घरी आल्यावर पाय साबणाने धुतले जातात आणि पुष्कळदा त्याच फेसाळ पाण्यात झाकणभर जंतुनाशक द्रावणही ओतले जाते. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट फायदा, असा त्यामागचा साधा हिशेब. अनेक जंतुनाशकांच्या बाबतीत मात्र हा हिशेब उलटा पडतो. कारण दोन्हींच्या रेणूंवरचा विद्युतप्रभार एकमेकांच्या विरुद्ध असतो.

साबण, शाम्पू, भांडी घासण्याचे लिक्विड या सर्वांत सरफॅक्टंट नावाची रसायने असतात. त्यांच्या रेणूला तेलकट शेपूट आणि पाण्यात रमणारे डोके असते. शेपूट मळाला धरते, डोके पाण्याला; म्हणून मळ पाण्याबरोबर वाहून जातो. साबणाच्या आणि शाम्पू-टूथपेस्टमधल्या सोडियम लॉरिल सल्फेटच्या डोक्यावर ऋण प्रभार असतो. जंतुनाशकांतील सेट्रिमाइड किंवा बेन्झाल्कोनियम क्लोराइड हेही सरफॅक्टंटच. पण त्यांचे डोके धन प्रभाराचे. क्लोरहेक्सिडीनचा रेणूही धन प्रभाराचा असतो.

जिवाणूंच्या बाहेरील आवरणावर ऋण प्रभार असतो. त्यामुळे ही जंतुनाशके त्यांना जाऊन चिकटतात आणि आवरण फोडतात. पाण्यात साबण असेल तर जंतुनाशकाचा रेणू जिवाणूपर्यंत पोहोचण्याआधीच साबणाच्या रेणूशी जोडी जमवतो. दोन्ही प्रभार एकमेकांना मारतात, पाणी गढुळते आणि जंतुनाशकाचा जोर ओसरतो.

प्रथिनांची घडी मोडते

सरफॅक्टंटची जवळीक प्रथिनांशीही आहे. प्रथिन म्हणजे नीट घडी घातलेली लांब साखळी. तिच्यावर काही ठिकाणी धन, काही ठिकाणी ऋण प्रभार असतो. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइम हे प्रथिन एकूण धन प्रभाराचे. त्यात ऋण प्रभाराचे सोडियम लॉरिल सल्फेट थोडेसे मिसळले, तर साका तयार होऊन खाली बसतो.

दोघांचा एकूण प्रभार सारखा असला तर ते एकमेकांपासून दूर राहतील, असे वाटेल. तसे होत नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘ध्रुव’ अणुभट्टीतील न्यूट्रॉनच्या साहाय्याने शास्त्रज्ञांनी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनावर असे प्रयोग केले आहेत. अल्ब्युमिन एकूण ऋण प्रभाराचे. तरीही हे सरफॅक्टंट त्यावरच्या धन जागा आणि तेलकट कोपरे शोधून चिकटते. प्रमाण वाढले की प्रथिनाची घडी उलगडते आणि तिच्या साखळीवर सरफॅक्टंटचे छोटे पुंजके दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे बसतात. एक ग्रॅम प्रथिन सुमारे 1.4 ग्रॅम सोडियम लॉरिल सल्फेट धरून ठेवू शकते.

त्वचेचा वरचा थर केराटीन या प्रथिनाचा असतो. वारंवार साबण लावल्यावर हात कोरडे पडतात, ओढल्यासारखे वाटतात, यामागे हेच कारण आहे. सरफॅक्टंट केराटीनला चिकटते, थर फुगतो आणि त्वचेतील स्निग्धांशही निघून जातो. चिखल्यांनी आधीच सोललेल्या पायांना हा त्रास अधिक जाणवतो.

गवारीचा डिंक आणि शाम्पू

प्रभारांची हीच ओढ उपयोगीही ठरते. अनेक शाम्पूंत गवारीच्या बियांच्या डिंकापासून बनवलेले, धन प्रभार दिलेले पॉलिमर घालतात. बाटलीत ऋण प्रभाराचे सरफॅक्टंट भरपूर असल्याने ते विरघळलेले राहते. डोक्यावर पाणी ओतले की मिश्रण पातळ होते, पॉलिमर आणि सरफॅक्टंट यांचा एकत्रित मऊ साका वेगळा होतो आणि केसांवर पातळ थर बसतो. केस कमी गुंततात ते त्यामुळे. इथे जो साका हवाहवासा, तोच जखमेच्या बादलीत नुकसानीचा.

घरी काय करावे?

- आधी साबणाने मळ काढावा, मग स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावे. जंतुनाशक त्यानंतरच, वेगळ्या भांड्यात, साध्या पाण्यात आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळून वापरावे.
- बाटलीवरचे घटक वाचावेत. सेट्रिमाइड, बेन्झाल्कोनियम किंवा क्लोरहेक्सिडीन असेल तर साबणाशी मिसळू नये. फरशी पुसण्याच्या पाण्यालाही हाच नियम.
- दंतवैद्याने क्लोरहेक्सिडीनचे माउथवॉश दिले असेल, तर दात घासल्यावर चूळ भरून साधारण अर्धा तास थांबावे. टूथपेस्टमधील सोडियम लॉरिल सल्फेट त्याचा परिणाम कमी करू शकते.
- पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या कराव्यात आणि खोबरेल तेल लावावे. उघड्या जखमेवर मात्र तेल नको.

क्रम सांभाळला तरी जंतुनाशक म्हणजे कवच नव्हे. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात आलेले हे जंतू भेगाळलेल्या किंवा खरचटलेल्या त्वचेतून दिवसभराच्या कामातच शरीरात शिरू शकतात. लावणीच्या दिवसांत ताप, अंगदुखी, पोटऱ्यांत दुखणे किंवा डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर अंगावर न काढता त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे आणि शेतात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.