गर्भारपणांतील वांत्या आणि मेंदूचें अन्न

वैनगंगेकांठच्या आरमोरीस, किंबहुना साऱ्या झाडीपट्टींत, धान हें मुख्य पीक आणि भात हें मुख्य अन्न. तांदुळाच्या कोंड्यांत एक जीवनसत्त्व असतें, हें सुशिक्षित घरांतून आतां ठाऊक आहे. गर्भिणीच्या वांत्यांशीं त्याचें नातें मात्र सहसा कोणी जोडीत नाहीं.

पहिल्या तीन महिन्यांत मळमळ होणें, ओकारी येणें यांत नवल नाहीं. वडील बायका त्यास डोहाळ्यांचेंच अंग समजतात, आणि बहुतेक वेळां त्यांचें म्हणणें खरें ठरतें. परंतु शंभरांत फार तर दोघी-तिघींची वांती आवरतच नाहीं. पाण्याचा घोटहि टिकत नाहीं, वजन घटतें, आणि असे आठवडे लोटतात. मग पाण्याची व क्षारांची काळजी घेतली जाते. ती रास्तच आहे. पण आणखी एक वस्तु विसरली जाते.

ती वस्तु म्हणजे थायमिन, अर्थात् ब-१ जीवनसत्त्व. साखरेपासून शक्ति निर्माण होण्यास तें लागतें, आणि मेंदूचा निर्वाह मुख्यतः साखरेवरच चालतो. गर्भिणीस तें रोज सुमारें १.४ मिलिग्रॅम हवें. शरीरांतील सांठा अवघा २५ ते ३० मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन आठवड्यांची बेगमी. गिरणींत तांदूळ जितका पांढरा करावा तितकें तें कोंड्याबरोबर निघून जातें. उकड्या तांदुळांत तें दाण्याच्या आंत उतरून बरेंचसें टिकतें. ज्या घरीं पांढऱ्याशुभ्र तांदुळाचाच भात शिजतो व त्याच्या जोडीला डाळ-उसळ बेताचीच असते, तेथील स्त्रीची पुंजी वांत्या सुरू होण्यापूर्वींच अपुरी असूं शकते.

ही पुंजी सरल्यावर मेंदूस होणाऱ्या विकाराचें वर्णन कार्ल वेर्निके या जर्मन वैद्यानें १८८१ सालीं केलें. त्याचे रोगी तीन होते: दोन मद्यपी पुरुष, आणि गंधकाम्ल पोटांत गेल्यामुळें सतत वांत्या होणारी एक तरुण स्त्री. पुढें विकारास मद्याचें नांव इतकें चिकटलें कीं, त्या तिसऱ्या रोग्याचा जणूं विसरच पडला. दारूस कधीं न शिवलेली सून समोर असतां वैद्यासहि हा विकार चटकन् सुचत नाहीं.

लक्षणें अशीं: एकाच्या दोन वस्तु दिसतात, बुबुळें आपोआप हालतात, चालतांना तोल जातो, बोलणें असंबद्ध होतें, गुंगी येते. हीं सारीं एकदम थोड्याच रोग्यांत दिसतात. म्हणून एकच दिसलें तरी संशय घ्यावा. घरचीं माणसें त्यास अशक्तपणा म्हणतात, क्वचित् बाहेरची बाधाहि.

खरा धोका उपचारांतच दडलेला आहे. थकलेल्या स्त्रीस ग्लुकोजची बाटली लावली जाते. ती साखर वापरतांना उरलेंसुरलें थायमिनहि खर्ची पडतें, आणि काल केवळ थकलेली स्त्री आज भ्रमिष्ट होते. यासाठीं दीर्घकाळ वांत्या झालेल्या गर्भिणीस ग्लुकोजच्या आधीं, निदान त्याबरोबर तरी, थायमिन शिरेवाटे द्यावें लागतें. पोटांत गोळी राहत नाहीं. विकाराचा संशय असल्यास मोठी मात्रा देतात आणि रक्ततपासणीच्या निकालासाठीं थांबत नाहींत. जास्त झालेलें थायमिन लघवीवाटे निघून जातें. औषध महाग नाहीं.

वेळेवर दिल्यास डोळ्यांचे दोष कांहीं तासांत वा दिवसांत ओसरूं लागतात. चाल सुधारण्यास महिने लागतात. उशीर झाल्यास मात्र स्मृति कायमची जाऊं शकते. आईला बाळाच्या जन्माचा दिवसहि आठवत नाहीं. आरमोरीहून गडचिरोलीस वा नागपुरास नेण्याआधीं पहिली बाटली बहुधा गांवींच लागते. म्हणून “ग्लुकोजपूर्वीं थायमिन दिलें काय?” हें सोबतच्या माणसानें तेथेंच डॉक्टरांस विचारावें, आणि वांत्या किती दिवसांपासून आहेत तें आपण होऊन सांगावें.