मानेचं बिजागर निखळतं तेव्हा...

हातापायांतली ताकद हळूहळू जाते, चालताना तोल जातो आणि उपचार मात्र भलत्याच दुखण्यावर चालू राहतात. मूळ दुखणं असतं कवटीच्या तळाशी, मानेच्या पहिल्या दोन मणक्यांत!

दारात आलेल्या नंदीबैलाला मालक विचारतो, 'यंदा पाऊस पडेल का?' नंदीबैल लगेच मान डोलावतो. माणसानं अशी होकाराची मान हलवली की ती मुख्यतः कवटी आणि मानेचा पहिला मणका यांच्यामधल्या सांध्यात हलते. नकाराचं काम तिथलं नाही. 'नाही' म्हणताना डोकं डावी-उजवीकडे वळतं ते एक मजला खाली, पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांमध्ये. मान जेवढी वळते त्यातलं जवळजवळ निम्मं वळण या एकट्या सांध्याचं असतं. उरलेलं निम्मं खालचे सगळे मणके मिळून वाटून घेतात.

पहिल्या मणक्याला डॉक्टर 'ॲटलस' म्हणतात. पृथ्वी की आकाश खांद्यावर तोलून धरणारा ग्रीक कथेतला तो राक्षस! पण आपल्याकडे त्याहून चपखल वस्तू आहे, ती म्हणजे चुंबळ. डोक्यावरच्या चुंबळीवर घागर बसते, तसं साडेचार-पाच किलोंचं डोकं या कड्यासारख्या मणक्यावर बसलेलं असतं. दुसऱ्या मणक्यातून दाताच्या आकाराचा एक सुळका वर निघून या कड्यात शिरतो. जात्याचा वरचा दगड मधल्या खिळीभोवती फिरावा तसं कडं, आणि त्याच्यासोबत डोकं, या सुळक्याभोवती फिरतं. फरक इतकाच, की ही खीळ कड्याच्या मधोमध नसून पुढच्या कडेला असते आणि तिच्यामागून मज्जारज्जू खाली उतरतो. खीळ मागे सरकू नये म्हणून एक चिवट अस्थिबंध तिला पुढे आवळून धरतो.

निसर्गानं इथे थोडी सोयही करून ठेवली आहे. कड्यातल्या जागेपैकी साधारण एक तृतीयांश सुळक्याची, एक तृतीयांश मज्जारज्जूची आणि एक तृतीयांश चक्क रिकामी! पण हीच सोय पुढे दगा देते. अस्थिबंध सैल पडला, सुळका मागे सरकू लागला, तरी आधी ती रिकामी जागा खर्ची पडते. वर्षानुवर्षं कुठे काही बोंब होत नाही. मग एक दिवस स्कूटर खड्ड्यात आदळते, न्हाणीघरात पाय घसरतो किंवा केस कापून झाल्यावर सलूनवाला सवयीनं मान 'कडक्' करून देतो... आणि हातपाय लुळे पडतात.

अर्थात प्रत्येक वेळी असा घाव बसतोच असं नाही. बहुतेकदा दुखणं पावलं न वाजवता येतं. मानेच्या वरच्या भागात, डोक्याच्या मागे दुखतं. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागतो. चप्पल पायातून निसटते आणि दहा पावलं पुढे गेल्यावर ध्यानात येतं. अंधारात चालताना भिंत धरावी लागते, हात बधिर वाटतात, पाय ताठरतात. काहींना गिळताना ठसका लागतो, आवाज नाकात येतो. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. कुणी व्हिटॅमिनची इंजेक्शनं टोचून घेतो, कुणी 'स्पॉण्डिलायटिस' म्हणून मानेला पट्टा बांधतो, कुणी हाडवैद्याकडून मान चोळून घेतो. यातला शेवटचा उपाय सगळ्यात घातक. सांधा सैल आहे की नाही हे पाहिल्याशिवाय कुणाच्याही हातात मान देऊ नये. पाठीकडून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्याही याच पहिल्या मणक्याला वळसा घालून कवटीत शिरतात. मान जोरात पिरगळली की धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

धोका कोणाला?

काहींचा हा सांधा जन्मतःच सदोष असतो. पहिला मणका कवटीलाच चिकटलेला असतो किंवा सुळका मुळापासून सुटा असतो. आखूड मान, मानेवर खूप खाली उतरलेले केस, कायम किंचित कलतं डोकं या त्याच्या खुणा. उत्तर प्रदेश-बिहारकडच्या रुग्णांत असे दोष बरेच आढळतात, असं भारतीय न्यूरोसर्जन लिहीत आले आहेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांत अस्थिबंध मुळातच ढिले असतात, म्हणून कोलांट्या उड्या किंवा शीर्षासन त्यांना शिकवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला हवाच. क्षयाचे जंतूही क्वचित इथे घर करतात.

घरातल्या बायकांनी विशेष लक्ष द्यायचं ते रुमॅटॉइड संधिवाताकडे. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. बोटं वाकडी झालेली सगळ्यांना दिसतात, पण तीच सूज मानेतला तो अस्थिबंधही कुरतडत असू शकते. अशी बाई गर्भाशयाच्या किंवा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी भरती होते, भूल देताना घशात नळी घालण्यासाठी मान मागे वाकवली जाते आणि नको ते घडू शकतं. म्हणून संधिवात जुना असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपण होऊन सांगावं आणि मानेचा एक्स-रे आधीच काढून घ्यावा.

आणि लहान मुलं! घसा सुजून ताप आला किंवा टॉन्सिलचं ऑपरेशन झालं, त्यानंतर मुलाची मान एका बाजूला वळून तशीच राहिली, सरळ करायला गेलं की ते रडतं. 'मान धरली असेल' म्हणून आजी तेल चोळायला बसते. साधी धरलेली मान काही दिवसांत सुटते. पण घशातल्या जंतुसंसर्गानं वरच्या सांध्याचे बंध सैल होऊन तो फिरल्या जागी अडकण्याचीही शक्यता असते. लवकर दाखवलं तर अँटिबायोटिक, विश्रांती आणि कॉलर एवढ्यावर बहुधा भागतं. महिना-दोन महिने गेले तर वजन लावून मान ताणावी लागते, कधी शस्त्रक्रियाही.

निदानासाठी साधा सरळ एक्स-रे पुरत नाही, कारण मान सरळ असताना सरकलेला सांधा पुष्कळदा जागेवर येतो. रुग्णानं स्वतः, झेपेल तितकीच, मान पुढे आणि मागे वाकवून काढलेले दोन एक्स-रे हवेत. कडं आणि सुळका यांतलं अंतर मोठ्या माणसांत 3 मिलिमीटरहून, मुलांत 5 मिलिमीटरहून जास्त दिसलं तर संशय बळावतो. पुढे सीटी स्कॅन हाडं दाखवतो, एमआरआय मज्जारज्जूवरचा दाब.

रेशमी दोऱ्यापासून स्क्रूपर्यंत

1910मध्ये अमेरिकेत मिक्स्टर आणि ऑसगुड या डॉक्टरांनी सरकलेले दोन मणके चक्क रेशमी दोऱ्यानं एकमेकांना बांधले! 1939मध्ये टोरांटोच्या गॅली यांनी पोलादी तार वापरायची पद्धत मांडली. पण तार ढिली पडते, तुटते. सुळका वर कवटीत घुसलेला असेल तर तोंडातून, टाळ्याच्या मागच्या बाजूनं, तो पोखरून काढायचा, असाही एक अवघड मार्ग होता.

या कथेतलं महत्त्वाचं वळण मात्र मुंबईच्या परळमधलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल आणि डॉ. विनोद लाहेरी यांनी 1994मध्ये एक नवी पद्धत प्रसिद्ध केली. दोन्ही मणक्यांच्या बाजूच्या भरीव भागांत स्क्रू बसवायचे आणि पट्टीनं जोडायचे. जागा अशी, की एका बाजूला मज्जारज्जू, दुसऱ्या बाजूला धमनी. 2001मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळई वापरून तीच कल्पना पुढे नेली. आज जगभरचे सर्जन या तंत्राला गोयल-हार्म्स म्हणून ओळखतात. पालिकेच्या रुग्णालयात उगवलेलं तंत्र जगभर गेलं, याची आपल्याकडे म्हणावी तशी वाच्यता झालेली नाही. 2004मध्ये डॉ. गोयल यांनी आणखी एक पाऊल टाकलं. कवटीत घुसलेला सुळका कापण्यापेक्षा सांधाच उघडून, फाकवून त्याला खाली आणायचा! लहान मेंदूचा भाग खाली मज्जारज्जूच्या वाटेत उतरतो त्या 'किआरी' विकारामागेही बहुधा हाच सैल सांधा असतो, हे त्यांचं मत मात्र सगळ्या सर्जनांना मान्य नाही.

ऑपरेशनचा पहिला हेतू दुखणं वाढू न देणं हा. ताकद किती परत येते ते मज्जारज्जू किती काळ दबलेला होता यावर ठरतं, म्हणून निदानातला एकेक महिना महत्त्वाचा. किंमतही मोजावी लागतेच. दोन मणके एकमेकांना पक्के जोडले की मानेचं निम्मं वळण जातं. रस्ता ओलांडताना खांद्यांसकट वळावं लागतं, गाडी मागे घेताना आरशांवर भिस्त ठेवावी लागते. वरचा सांधा मोकळा राहिला असेल तर मान खाली-वर मात्र पूर्वीसारखीच हलते. हाड पुरतं जुळेपर्यंत काही आठवडे ते काही महिने कॉलर वापरावी लागते, आणि त्या काळात डोक्यावर ओझं तर दूरच, बादली उचलायलाही डॉक्टर मनाई करतात.